आडातला वास

दहिवेस, १२ जुलै १९७३

कृष्णाता, तुज्या राहीआत्तीचा तुला आशीर्वाद.

हितं पाऊस लागलाय. दोन सालं कोरडा ठाक पडल्याला आपल्या गल्लीतला आड परवा भरला. पोरं नाचली, बायकांनी पान्यातल्या आसरांची वटी भरली, मीबी खण ठिवला. आन् पयली घागर वर काडली तर पान्याला रॉकेलचा वास! मला वाटलं घागरीलाच आसंल. दुसऱ्या घागरीला तोच. तिसरीलाबी तोच. बायका एकमेकीकडं बगाय लागल्या आन् घागरी तितंच टाकून घरला पळाल्या.

तुला मनू ठावं हाय. गोदाक्काची सून, मानसिंगची पयली बायकू. त्यांचं आन् आपलं भिताडाला भिताड. दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात पोर पेटली, आन् पेटल्याली पळत जाऊन ह्याच आडात पडली. वर काडली तवा लुगड्याला असाच वास व्हता. फौजदारानं लिवलं, इस्टोचा भडका झाला. वरीस व्हायच्या आत मानसिंगनं जतंकडनं विजयमाला करून आनली. एकोनीस-ईस सालाची पोर, कानडी हेल काडून बोलती, लय गुनाची.

आता गल्ली म्हंती, पानी आटलं तवा मनू गेली, पानी आलं तवा मनू आली. गोदाक्कानं तर हातरूनच धरलंय.

तू सांगलीला सरकारी पान्याच्या तपासनीत हायस न्हवं? मग तपासून सांग, हे रॉकेल हाय का मनू हाय. थट्टा करू नगंस. तुजं मामा पलटनीत व्हतं तवा दुसऱ्याकडनं कागद लिवून घ्यायची लाज वाटायची, म्हनून मी अक्षर शिकले. ते आज असल्या कामाला आलं बग.

तुजी आत्ती

———

सांगली, २० जुलै १९७३

राहीआत्तीला कृष्णातचा नमस्कार.

भुतं तपासायचा फॉर्म आमच्या हापिसात नाही, नाहीतर भरला असता. बरं, थट्टा बंद. एक काचेची बाटली स्वच्छ धुऊन घे. आडाच्या पाण्यानंच दोनदा विसळ, मग काठोकाठ भर, बूच घट्ट लाव आणि सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दे. मी स्टँडवर जाऊन घेतो.

तोवर ते पाणी कुणी पिऊ नका. स्वयंपाकालाही नको. आणि एक सांग, आडाच्या पलीकडची भिंत नगरपालिकेच्या गाडीतळाचीच ना? दुष्काळात टँकर उभे असायचे तिथली?

शरयू विचारते, आत्तीला भीती वाटते का? मी म्हणालो, आत्तीला बघून भुतं गल्ली बदलतात.

कृष्णात

———

दहिवेस, २ ऑगस्ट १९७३

कृष्णाता,

बाटली धाडलीया. घरात बुचाची बाटली एकच, रॉकेलची. पर राखंनं घासून घासून लख्ख केलीया, सोड्यानंबी धुतलीया. आन् आसरांचं पानी रितं न्हेत न्हाईत म्हनून चिमूटभर हळद टाकलीया आत. बायकूला सांग, मला भ्या वाटत न्हाई. मातूर सांजच्याला मी तिकडचं दार उघडत न्हाई, येवडंच.

भितीपल्याडचं व्हय, गाडीतळच हाय तो.

आत्ती

———

सांगली, ९ ऑगस्ट १९७३

आत्ती,

रॉकेलच्या बाटलीत रॉकेल सापडलं! वरनं हळद. माझे साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण हसणं ओसरल्यावर म्हणाले, गाडीतळाच्या शेजारचा आड आहे, तर हे गमतीत घालवू नका. तेव्हा मीच येतोय, सरकारी बाटल्या घेऊन. तू फक्त पिठलं-भाकरी कर आणि हळद पिठल्यातच टाक.

कृष्णात

———

सांगली, १४ सप्टेंबर १९७३

आत्ती,

आनंदाची बातमी. तुमच्या आडात भूत नाही.

दुष्काळात टँकरसाठी नगरपालिकेनं गाडीतळात डिझेलची टाकी पुरली होती. तिचा जोड दोन उन्हाळे पाझरत राहिला. तेव्हा आड कोरडा, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. डिझेल मातीत मुरून बसलं. यंदा पावसानं जमिनीतलं पाणी वर चढलं, आणि तेल हलकं म्हणून पाण्याच्या डोक्यावर बसून तेही वर आलं. आपण भिंतीच्या कडेनं जमिनीत तीन नळ्या उतरवल्या, त्यांत टाकीजवळच्या नळीत तेलाचा थर सगळ्यात जाड आहे, आडाजवळच्या नळीत पातळ. म्हणजे ते कुठून कुठे येतंय हे शेंबड्या पोरालाही कळेल.

आणि मुख्य म्हणजे ते डिझेल आहे, रॉकेल नव्हे. तापवून बघितलं, रॉकेल लवकर उकळतं, हे उशिरा. मनूवहिनी काही डिझेलनं पेटल्या नव्हत्या. तेव्हा गोदाक्कांना म्हणावं, उठा आता, चहा घ्या. मी नगरपालिकेला लिहून गावात दवंडीच देववतो, म्हणजे सगळ्यांच्या मनातली भीती जाईल.

दर महिन्याला तिन्ही नळ्यांतलं आणि आडातलं पाणी तू काढून पाठवायचंस. बाटल्या ठेवल्या आहेत. जमिनीतलं तेल वाढतंय की कमी होतंय हे त्यावरून कळेल. हळद नको.

कृष्णात

———

दहिवेस, २३ सप्टेंबर १९७३

कृष्णाता, दवंडी देऊ नगंस. तुज्या पाया पडते.

तुला समदं सांगते, मग तूच ठरीव. पाऊस लागायच्या आदी गोदाक्कानं विजयमालाचा छळ मांडला व्हता. हिलाबी पोर न्हाई म्हनून उठता-बसता मार. पिठाच्या चाकीवर एकदा मला म्हनली, “एक गेली, दुसरी जायाला काय येळ लागतोय?” हसत म्हनली रं. आन् मग आडाला वास सुटला. त्या दिसापास्नं तिनं पोरीला बोट लावलं न्हाई. इस्टो माळ्यावर टाकलाय, चुलीवर रांदत्यात.

परवा अविधवा नवमी झाली. मनू अहेव गेलीया, तवा तिच्या नावानं सवाष्न जेवू घालायची. मी रांडमुंड, मला पाटावर कोन बसवनार? मी आत वडे तळाय गेले व्हते. गोदाक्कानं गावातली सवाष्न बोलावलीच न्हाई. विजयमालालाच पाटावर बसवलं. घरच्या सुनंला कोन असं बसवतं का? तिच्या हातावर पानी घातलं, वाडलं, आन् पोरीनं पयला घास उचलला तसं हिनं तिचं पाय घट धरलं. “मनू,” म्हनली, “कडी मीच लावली. भायेरनं मीच लावली. तू खिडकीतनं गेलीस, मला ठावं हाय. हिला न्हाई हात लावत, आता जा बाई.”

माज्या हातातला झारा खाली पडला. मानसिंग तितंच भितीला टेकून बसला व्हता. त्यानं मान वर केली न्हाई. विजयमालाच्या हातात घास तसाच.

आता सांग. दवंडी पिटून डिझेल हाय म्हनलास की दुसऱ्या दिशी इस्टो माळ्यावरनं खाली. तुजं खरं हाय रं, मी कुटं न्हाई म्हंते? पर तुज्या खऱ्यापायी ही पोर जाईल. फौजदाराकडं जा म्हनशील. गोदाक्का उद्या म्हनंल, राहीबाईच्या कानात मळ हाय. आन् पोरीचा बा येऊन सांगून गेलाय, पाटीमागं दोन भनी लग्नाच्या हाईत, दिल्या घरी ऱ्हा.

मनू हाय तंवर ही हाय.

आत्ती

———

सांगली, ८ ऑक्टोबर १९७३

आत्ती,

पत्र आल्यापासून नीट झोप नाही. शरयूला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली.

मला खोटं लिहिता येणार नाही, पण गप्प बसता येतं. अहवाल साहेबांकडे आणि नगरपालिकेकडे गेला आहे. टाकी उपसायची, काढायची, भोवतालची माती उचलायची असं ठरलंय. आडावर पाटी लागेल, ‘पाणी पिण्यास अयोग्य’. एवढंच. कारण लिहिणार नाही, दवंडी नाही. नगरपालिकेचे ओव्हरसियर नानासो यांना तर हेच हवं होतं. त्यांनी मला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही लय समजूतदार हाय, साहेब.” आत्ती, तो चहा मला गिळवेना. त्यांना आपली चूक झाकायची आहे आणि मी त्यांना झाकण दिलं.

दोन गोष्टी ऐक. मी आलो होतो तेव्हा पाहिलं, बायका मनूवहिनीच्या नावानं आडात द्रोणातून दिवे सोडतात, ते ताबडतोब बंद कर. पाण्यावर तेल आहे. काही सांग, मनूला विस्तवाचा राग येतो म्हणून सांग, ऐकतील. आणि त्या मुलीवर नजर ठेव.

मला मात्र वाटतं, तिनं तिथून निघावं. भुताच्या भरवशावर कुणी किती दिवस जगायचं?

कृष्णात

———

दहिवेस, १८ फेब्रुवारी १९७४

कृष्णाता,

लय दिस कागद न्हाई, बाटल्याच धाडत ऱ्हायले. तू मातूर दर खेपंला लिवतोस, थर कमी झाला, झकास. तुजं झकास मला नगं वाटतं. टाकी निगाली, माती उचलली, आन् वास इरत चालला. दिवाळीला व्हता त्याच्या निम्माबी संक्रातीला ऱ्हायला न्हाई. मी रोज सकाळी आडावर वाकून वास घ्यायची. घरातलं मानूस आजारी आसलं की त्याचा हात धरून बगतात, तसं.

संक्रातीनंतर गोदाक्का उटून बसली. चा मागितला. मग अंगनात आली. मग येक दिस मानसिंगला म्हनली, चुलीच्या धुरानं डोळं गेलं माजं, इस्टो काड खाली, नवी पिन आन. भितीपल्याडनं मी ऐकलं. पोरीला त्याच सांजंला गालफडात बसली, भाजीत मीठ जास्त म्हनून.

आन् मग आट दिसात वास परत आला! पयल्यापेक्षा उग्र. गल्लीतल्या बायका परत पदर नाकाला लावाय लागल्या. गोदाक्का परत हातरुनात. तुज्या नळ्यांत वाकून बगितलं, तितं कायबी न्हाई, निर्मळ पानी. आडात मातूर वरनं तवंग, रंगीत.

मी तुज्यासारखी शिकल्याली न्हाई, पर यडीबी न्हाई. टाकी निगाली, माती गेली, मग हे आलं कुटनं? म्या काल हात जोडलं आडाला. मनूला म्हनलं, आसशील तर ऱ्हा बाई. चार बाटल्या धाडल्यात, बग.

आत्ती

———

सांगली, २ मार्च १९७४

आत्ती,

तिन्ही नळ्या स्वच्छ. डिझेल संपलं, जमीन सुधारली.

आडातलं मात्र डिझेल नाहीच. मी दोनदा तापवून बघितलं, मग साहेबांनी बघितलं. ते रॉकेल आहे. ताजं, दुकानातलं.

जमिनीतून आलं असतं तर आधी नळीत दिसलं असतं. म्हणजे ते वरून आलंय, कुणाच्या तरी हातानं. आत्ती, सध्या सांगलीत रॉकेलसाठी बायका पहाटेपासून डबे घेऊन रांगेत उभ्या असतात, भांडणं होतात, डोकी फुटतात. असल्या दिवसांत कुणी ते आडात ओततं? मला एकच नाव सुचलं. तूच ओततेस ना?

तुझ्यावर राग नाही. पण एवढं खरं सांग. कारण खरं सांगू, ती बाटली तापवताना, नळ्या कोऱ्या आणि आड तेवढा वासाचा, हे बघून माझ्याही अंगावर काटा आला होता. तू नाही म्हणालीस तर मला काय वाटेल ते मलाच ठाऊक नाही.

कृष्णात

———

दहिवेस, ११ मार्च १९७४

कृष्णाता,

आरं मुडद्या, माज्या एकटीच्या कार्डावर रॉकेल मिळतंय किती? कंदिलाला पुरंना, आन् मी आडात ओतू? तुजा कागद वाचून आदी लय राग आला. मग भ्या वाटलं. मी न्हाई, तर मग कोन?

म्हनून शेनगोटा करायच्या निमतानं सकाळच्या पारी आडाजवळ बसाय लागले. परवा विजयमाला आली. रिकामी घागर कमरंवर. ह्या आडाचं पानी कोन भरत न्हाई, मग घागर कशापाय? तिनं घागरीत हात घालून तांब्या काडला, आडावर वाकली, आन् आत रिता केला. गपागप. मी मागनं जाऊन खांद्यावर हात ठिवला तर पोर वरडलीसुदिक न्हाई. तांब्या पदराखाली लपवला.

म्या म्हनलं, “का गं बाई, वास ऱ्हावा म्हनून व्हय?”

म्हनली, “वास नव्हं, आत्ती. घरात शिल्लक ऱ्हायला नको.”

मला कळंना. तवा तिनं सांगितलं. रेशनचं रॉकेल घरात आलं की थोडं थोडं काडून ती आडात वतती. डब्यात पानी घालून हिसाब सारका दावती. “घरात रॉकेलच न्हाई तर मला कशानं पेटवतील?” म्हनली. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी पदर तोंडात कोंबून रडले रं. तिनंच माजं डोळं पुसलं.

म्हनलं, “हे तुला सुचलं कसं?”

म्हनली, “अक्कांनी सांगितलं.”

“कोन अक्का?”

“मनूअक्का. आडात वाकलं की सांगतात. माज्या येळंला डबा भरल्याला व्हता, म्हनत्यात.”

कृष्णाता, पोरीच्या डोळ्यात येडेपना नव्हता. सरळ बगत व्हती. मी आडात वाकून बगितलं. पानीच व्हतं. पर मी लगी मागं सरले, खोटं कशाला सांगू.

आन् आता आईक. पाडव्यानंतर जत्रा हाय, पावनं येनार, म्हनून मानसिंगनं काळ्या बाजारातनं अख्खा डबा आनलाय. झाकन कथलाचा डाक लावून बंद. गोदाक्कानं तो आपल्या उशाला घेतलाय. येवडा डबा पोर आडापतूर न्हेनार कशी? त्यात रातच्याला रेशनच्या डब्यातलं पानी उघडं पडलंय, इस्टो तडतडला म्हनून. गोदाक्का आता आडाकडं बगत न्हाई, पोरीकडं बगती.

काय करू ते लगी लिव.

आत्ती

———

सांगली, १५ मार्च १९७४

आत्ती,

वाट बघू नकोस, विचारू नकोस कुणाला. हे पत्र वाचून झालं की ऊठ आणि तिला त्या घरातून बाहेर काढ. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. आमच्या खोलीत जागा आहे. नसली तरी करू. शरयूनं अंथरूण आजच वेगळं काढून ठेवलंय.

मी साहेबांना सगळं सांगितलं. अहवालात डिझेल होतंच, आता रॉकेलही लिहितोय. मी उगाच समजत होतो की गप्प बसून मी तिला जपतोय. आपण सगळ्यांनी मिळून एका मेलेल्या बाईला राखणीला बसवलं आणि आपण घरात बसलो. जीप २४ तारखेच्या रविवारी मिळतेय, ती घेऊन येतो. तिथून आधी फौजदार कचेरी, मग सांगली. अविधवा नवमीला ऐकलंस ते सांगायला तुला यावं लागेल.

कृष्णात

———

दहिवेस, १९ मार्च १९७४

कृष्णाता,

तुजा कागद दुपारी आला. चूल तशीच टाकून उटले. विजयमाला आता माज्या सोप्यात बसलीया. भाकरी खाल्ली, आन् बसल्या जागी झोप लागली. कवापास्नं जागी हाय कुनास ठावं. तू रईवारी ये, आदी जमलं तर आदी ये. कडीचं मी फौजदाराफुडं सांगनार. विजयमालाबी सांगती म्हनलीया. मानसिंग रानातनं आला आन् दारात उभा ऱ्हाऊन गेला.

कसं झालं ते सांगते. त्यांच्या घरात शिरले तर डब्याचं डाक फोडल्यालं व्हतं. गोदाक्का डब्यापशी पाटावर बसल्याली. विजयमाला कोपऱ्यात तांदूळ निवडत व्हती. दाराला कडी लावली नव्हती, आजून. म्या पोरीचा हात धरला आन् मोट्यानं म्हनलं, “गोदाक्का, ही आजपास्नं माज्याकडं ऱ्हातीया. काय करायचं ते करून घ्या.” गल्ली गोळा झाली व्हती. मला वाटलं, आता ही माजी झिंजी धरनार, शिव्या देनार, मानसिंगला हाळी मारनार. म्या पदर खवूनच ठिवला व्हता.

तिनं माज्याकडं बगितलं न्हाई. विजयमालाकडंबी न्हाई. पोरीच्या डाव्या अंगाला जिथं कोनी नव्हतं, तितं बगत बसली. मग हात जोडून म्हनली,

“न्या बाई. दोगींनाबी न्या.”

मला हसायचं व्हतं रं. चार मानसांत म्हनायचं व्हतं, की बगा, म्हातारीला येड लागलं. पर विजयमाला उंबऱ्यात आली आन् अंग चोरून उभी ऱ्हायली, शेजारच्या मानसाला वाट द्यावी तशी. मग म्याबी बाजूला सरले आन् म्हनलं, चला गं दोगी.